हजार तबकड्या आणि त्यांचे श्रोते

कोणत्याहि कलाकृतीचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे लेखकाची दृष्टि प्रथम कर्त्याकडे वळते. तो कोठें वाढला, त्यानें कोणाचें घेतलें व कोणाचें टाकलें, त्यास काय सुचलें व तें त्यानें कसें साधलें, एवढ्या प्रश्नांचीं उत्तरें हातीं आलीं कीं इतिहास पुरा झाला असें आपण समजतों. वास्तविक तेथें तो निम्माच झालेला असतो. उरलेला निम्मा भाग ज्यांनीं ती कृति वाचली, पाहिली किंवा ऐकली त्यांच्यापाशीं असतो. हा भाग लिहिणें अवघड आहे खरें. कारण कर्ता एक असतो आणि श्रोते अनेक. कर्त्याचे कागद कोणीतरी जपून ठेवतो, श्रोत्याचा उद्गार मात्र उमटतो तेथेंच विरतो. तथापि टाळी एका हातानें वाजत नाहीं, ही म्हण संगीताइतकी दुसऱ्या कशासहि लागूं पडत नसेल.

श्रोत्यांचा इतिहास लिहावयाचा तर उदाहरण असें निवडावें, कीं ज्यांत तबकडी तीच, गाणीं तींच, परंतु ऐकणारांच्या पिढ्या एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या काढतां याव्या. असें एक उदाहरण स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं १९९६ सालीं घडलें. 'बेल अँड सबॅस्टियन' या नांवाच्या बँडनें त्या वर्षींच्या जून महिन्यांत आपला पहिला आल्बम काढला. त्याचें नांव 'टायगरमिल्क'. प्रती निघाल्या अवघ्या एक हजार. 'वाघिणीचें दूध' हे शब्द मनांत येतांच मराठी वाचकांस विष्णुशास्त्री चिपळूणकरांची आठवण होईल. पण येथें इंग्रजी विद्येचा किंवा पराक्रमाचा कांहीं संबंध नाहीं. वेष्टनावर एक तरुणी कापडी वाघाच्या पिलास पाजीत आहे असें एकरंगी छायाचित्र आहे. आणि आंतील गाणींहि डरकाळीचीं नसून, शेजारच्या खोलींत कोणी आपल्याशींच बोलावें तशा आवाजांतलीं आहेत. या हजार प्रतींचे श्रोते कोण, त्यांनीं काय ऐकलें आणि पुढें ऐकणारांनीं तेंच ऐकलें काय, हा आजच्या लेखाचा विषय होय.

प्रथम 'इंडी पॉप' म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. 'इंडी' हा 'इंडिपेंडंट' म्हणजे स्वतंत्र या शब्दाचा संक्षेप. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्यें मोठ्या कंपन्यांच्या आश्रयावांचून, स्वतःच्या पैशानें, लहान प्रमाणावर तबकड्या काढण्याची रीत पडली. ग्लासगोंतच १९७९ सालीं 'पोस्टकार्ड रेकॉर्ड्स' ही अशी एक संस्था निघाली आणि 'ऑरेंज ज्यूस' या बँडची गाणीं तिनें लोकांपुढें आणलीं. १९८६ सालीं 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकानें 'सी ८६' नांवाची कॅसेट काढून अशा बावीस बँडांची गाणीं एकत्र केलीं. पुढील वर्षीं ब्रिस्टल येथें 'सारा रेकॉर्ड्स' सुरू झाली आणि शंभरावें प्रकाशन काढून १९९५ सालीं तिनें आपण होऊनच दुकान बंद केलें. आरंभीं 'स्वतंत्र' हा शब्द व्यापाराविषयीं होता. हळूहळू तो वृत्तीविषयीं झाला. गर्जून बोलावयाचें नाहीं, ताकद दाखवावयाची नाहीं, लाजाळूपणाची लाज बाळगावयाची नाहीं, अशी कांहींशी ही वृत्ति होती. तिचे श्रोतेहि तसेच. ते हातानें लिहून छापलेलीं चोपडीं एकमेकांस टपालानें धाडीत आणि आपण संख्येनें थोडे आहों यांतच त्यांना थोडें सुख वाटे.

याच मातींत 'बेल अँड सबॅस्टियन' उगवला. बँडचा मुख्य गीतकार व गायक स्टुअर्ट मर्डॉक. ऐन तारुण्यांत त्यास सततच्या थकव्याचा दीर्घ आजार जडला आणि सुमारें सात वर्षें त्याचें आयुष्य जागच्या जागीं थांबलें. या सक्तीच्या विश्रांतींत तो गाणीं रचूं लागला. (पुढें २०२४ सालीं 'नोबडीज एम्पायर' या कादंबरींत त्यानें हाच काळ आपल्या लेखनाचा विषय केला.) बेकार वादकांसाठीं ग्लासगोंत 'बीटबॉक्स' नांवाचा एक शिक्षणक्रम सरकारी साहाय्यानें चालत असे, तेथें त्याची गांठ स्टुअर्ट डेव्हिड या दुसऱ्या एका वादकाशीं पडली. शहरांतील स्टो कॉलेजांत संगीत-व्यवसायाचा एक वर्ग होता. त्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं दरसाल एखाद्या नव्या बँडचें एखादें गाणें 'इलेक्ट्रिक हनी' या कॉलेजच्याच नांवाखालीं प्रसिद्ध करावें आणि त्या निमित्तानें धंदा शिकावा, अशी योजना होती. वर्गाचे शिक्षक ॲलन रँकीन हे स्वतः 'असोसिएट्स' या नांवाजलेल्या बँडांत वाजवीत असत. १९९६ सालीं विद्यार्थ्यांची निवड मर्डॉकच्या गाण्यांवर पडली. त्याच्यापाशीं गाणीं इतकीं तयार होतीं कीं एका गाण्याऐवजीं सबंध आल्बमच काढावा असें ठरलें. वर्गांतलाच एक विद्यार्थी, रिचर्ड कोलबर्न, ढोल वाजवावयास बसला. इझोबेल कँपबेल हिचा चेलो, स्टीव्ही जॅक्सनची गिटार व क्रिस गेडिसचे स्वरपट्टीचे वाद्य, अशी मंडळी भराभर जमली. आणि जेमतेम कांहीं दिवसांत दहा गाण्यांचें मुद्रण उरकलें. नांव घेतलें तें सेसिल ओब्री या फ्रेंच लेखिकेच्या बालकथेवरून; त्या कथेंत सेबास्तियन हा मुलगा व बेल ही त्याची कुत्री.

ही हकीकत इतक्या तपशिलानें सांगण्याचें कारण असें, कीं ज्या आल्बमला पुढें स्वतंत्र वृत्तीचें दैवत मानण्यांत आलें, तो सार्वजनिक पैशावर पोसलेला होता. बेकारांचा वर्ग नसता, कॉलेजचा वर्ग नसता, तर या दहा गाण्यांचें काय झालें असतें हें सांगतां येत नाहीं. श्रोता गाण्यावर प्रेम करतो तेव्हां त्याचा खर्च कोणीं सोसला हें तो सहसा विचारीत नाहीं. इतिहासकारानें मात्र विचारलें पाहिजे.

आतां त्या उन्हाळ्याचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. ब्रिटनमध्यें तो 'ब्रिटपॉप'चा भरभराटीचा काळ होता. १९९६ च्या ऑगस्टच्या १० व ११ तारखांस 'ओअॅसिस' या बँडचे दोन जलसे नेबवर्थ येथील मैदानांत झाले आणि दोन्ही मिळून अडीच लाख लोक तेथें लोटले. तिकिटांसाठीं अर्ज करणारांची संख्या पंचवीस लाखांच्या घरांत गेली असें सांगतात. गाणें म्हणजे जयघोष, श्रोता म्हणजे जनसमुदाय, असें समीकरण झालें होतें. त्याच उन्हाळ्यांत एका कॉलेजच्या वर्गानें हजार तबकड्या काढल्या. या दोन आंकड्यांची तुलना करून एकास थोर व दुसऱ्यास क्षुद्र ठरविणें सोपें आहे, आणि ती तुलना उलटवून लहानास थोर ठरविणें त्याहूनहि सोपें आहे. आमचा हेतु दोन्ही नाहीं. आम्हांस पाहावयाचें आहे तें एवढेंच, कीं हजार प्रतींचा श्रोता अडीच लाखांतील श्रोत्याहून वेगळ्या रीतीनें ऐकतो काय?

पहिल्या श्रोत्यांपासून आरंभ करूं. प्रकाशनाच्या समारंभांत पाहुण्यांस प्रती फुकट वांटल्या आणि त्यांतील कांहींनीं त्या तबकड्या खेळांतल्या चकत्यांसारख्या हवेंत फेंकल्या, अशी एक आख्यायिका या बँडच्या चाहत्यांत प्रचलित आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिचें तात्पर्य खरें आहे. जी वस्तु सहज हातीं पडते तिच्याकडे पहिल्या दिवशीं कोणी आदरानें पाहात नाहीं. ज्यांना 'टायगरमिल्क' सर्वांआधीं मिळालें त्यांत पुष्कळजण निव्वळ योगायोगानें तेथें होते. आणि योगायोगानें मिळालेल्या श्रोत्यास आपण इतिहासाचे साक्षी आहों याची जाणीव नसते. पहिल्या श्रोत्याचा मान आपण मागाहून देतों. त्याला स्वतःला तो माहीत नसतो.

परंतु थोड्याच आठवड्यांत दुसऱ्या प्रकारचे श्रोते पुढें आले. बीबीसीच्या 'रेडिओ १' वर मार्क रॅडक्लिफ यांचा रात्रीचा कार्यक्रम चाले. जुलै महिन्यांत त्यांनीं या बँडला बोलावून चार गाणीं वाजवून घेतलीं. लंडनमधील 'जीपस्टर' या नव्या संस्थेनें बँडशीं करार केला आणि नोव्हेंबरमध्यें 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर' हा दुसरा आल्बम बाहेर पडला. येथूनच आमच्या कथेंतील मौजेची गोष्ट सुरू होते. दुसरा आल्बम दुकानांत मिळत होता, पहिला मिळत नव्हता. श्रोत्यांस धाकटें भावंड आधीं भेटलें आणि थोरलें कोठें आहे याची विचारपूस त्यांना करावी लागली.

या गाण्यांत असें काय होतें कीं लोकांनीं इतकी विचारपूस करावी? पहिलेंच गाणें घ्या. त्याचें नांव 'द स्टेट आय अॅम इन'. गिटारीच्या एका मंद सुरावर मर्डॉकचा आवाज जवळजवळ एकटाच चालूं लागतो. गाणारा आपल्या पापांचा कबुलीजबाब एका धर्मोपदेशकास देतो, आणि तो उपदेशक त्या कबुलीजबाबाचीच एक स्वस्त कादंबरी करून टाकतो! विनोद आहे, पण हंसावें कीं नाहीं अशा बेतानें सांगितलेला. 'एक्स्पेक्टेशन्स' या गाण्यांत शाळेंत सर्वांच्या टवाळीचा विषय झालेली एक मुलगी आहे. इतर गाण्यांतहि शाळा, घर, एकटेपणा, आणि धीट होऊं पाहणारीं भित्रीं माणसें हीच सृष्टि आहे. यांत वीरपुरुष कोणी नाहीं. चेलो, ट्रंपेट, पियानो हीं वाद्यें सजावटीसाठीं न येतां, बोलणाऱ्याचा शब्द अडला तर तो पुढें ढकलावयास यावीं तशीं येतात. आल्बमच्या मध्यावर 'इलेक्ट्रॉनिक रेनेसाँ' हें यंत्रसुरांचें गाणें अकस्मात् येतें आणि आवाजहि त्यांत यंत्रांतून गाळल्यासारखा होतो. त्याविषयीं श्रोत्यांत आजहि दोन तट आहेत. एका पक्षाच्या मतें तें घरांत शिरलेलें परकें माणूस. दुसऱ्याच्या मतें त्याच्यामुळेंच उरलेल्या नऊ गाण्यांचा साधेपणा हा निवडलेला साधेपणा आहे, नाइलाजाचा नव्हे, हें कळतें. आमचें मत दुसऱ्या पक्षास अनुकूल आहे.

या सर्व गाण्यांचा विशेष असा, कीं तीं समुदायास उद्देशून नाहींत. प्रत्येक गाण्याचा श्रोता एकवचनी आहे. नेबवर्थच्या मैदानांत अडीच लाख कंठांनीं हीं गाणीं म्हटलीं असतीं तर त्यांतील अर्धा अर्थ जागच्या जागीं नाहींसा झाला असता. योगायोग असा, कीं त्यांच्या प्रसाराची जी रीत पडली तीहि एकवचनीच निघाली. मूळ प्रती हजार. त्यांच्यावरून लोकांनीं कॅसेटवर नकला केल्या, नकलांवरून पुन्हां नकला केल्या, आणि त्या मित्रांस दिल्या किंवा टपालानें धाडल्या. अशा कॅसेटवर गाण्यांचीं नांवें देणाऱ्याच्या हस्ताक्षरांत असत. तिसऱ्या-चौथ्या नकलेंत सुरांइतकीच टेपची खरखर ऐकूं येई. आपल्याकडे पोथ्या नकलून घेण्याच्या काळीं लेखकू शेवटीं वाचकाची क्षमा मागे त्याची येथें आठवण होते. छापील पुस्तक सर्वांचें असतें. नकललेली पोथी कोणीतरी कोणासाठीं तरी केलेली असते. १९९७ सालीं बँडनें 'डॉग ऑन व्हील्स' ही लहान तबकडी काढली आणि तींत 'द स्टेट आय अॅम इन' या गाण्याचें आल्बमच्याहि आधींचें, कच्चें मुद्रण दिलें. म्हणजे पुष्कळांस थोरल्या भावाऐवजीं त्याचें बाळपणचें छायाचित्र तेवढें पाहावयास मिळालें! तहान भागण्याऐवजीं वाढली. मूळ प्रतींस शेंकडों पौंड किंमत येऊं लागली.

शिवाय बँडच्या वागणुकीनें या कुतूहलास खतपाणीच मिळालें. ते मुलाखती क्वचित् देत. वर्तमानपत्रांस स्वतःच्या ऐवजीं दुसऱ्यांचींच छायाचित्रें धाडीत. आल्बममधलीं गाणीं वेगळीं काढून विकण्याच्या धंद्याच्या रूढ रीतीस ते सहसा तयार नसत. हा कांहीं अंशीं संकोच होता, कांहीं अंशीं हट्ट होता, आणि जाहिरात न करणें हीहि एक जाहिरातच असते हें त्यांना कळत नसेल असें नाहीं.

येथें एक आक्षेप स्पष्टपणें मांडला पाहिजे. कोणी म्हणेल, कीं हें प्रेम गाण्यावरचें नसून दुर्मिळतेवरचें आहे. जें इतरांस मिळत नाहीं तें आपणांस मिळालें या अहंकाराला श्रोते रसिकता म्हणत होते. या आक्षेपांत तथ्य आहे. थोड्यांच्या गटांत 'आम्ही' व 'ते' हा भेद फार लवकर उत्पन्न होतो, आणि हळुवारपणाचा अभिमान हा इतर कोणत्याहि अभिमानाइतकाच कठोर होऊं शकतो. परंतु आक्षेपकांची एक चूक होते. दुर्मिळता ही प्रीति उत्पन्न करीत नाहीं. ती ऐकण्याची रीत उत्पन्न करते. जी कॅसेट तीन महिने वाट पाहून हातीं आली ती मनुष्य पहिल्या गाण्यापासून दहाव्या गाण्यापर्यंत ऐकतो, न आवडलेलें गाणेंहि पुन्हां ऐकतो, आणि ज्यानें ती दिली त्याच्याशीं तिजविषयीं बोलतो. इतकें लक्ष दिल्यावर वाईट गाणें अधिक वाईट वाटूं लागतें. दुर्मिळता म्हणून जपलेल्या आणि एकदां नीट ऐकतांच अडगळींत गेलेल्या तबकड्या थोड्या का आहेत?

१९९९ साल हें या कथेंतील वळणाचें. फेब्रुवारींत 'ब्रिट' पारितोषिकें जाहीर झालीं. उत्तम नवोदितांचें पारितोषिक श्रोत्यांच्या मतांवर ठरत असे, आणि त्यांत 'स्टेप्स'सारखा घरोघरीं गाजलेला बँड स्पर्धेंत असतांना निवड झाली ती 'बेल अँड सबॅस्टियन'ची. तीन आल्बम काढून झालेल्या बँडला 'नवोदित' म्हणावें हा एक विनोद. आणि मतदानांत कांहीं काळेंबेरें झालें असावें अशी कुजबूज वर्तमानपत्रांत उठली, हा दुसरा. आमच्या मतें खरें कारण सरळ आहे. मोठ्या बँडचे श्रोते पुष्कळ होते, पण त्यांस मत देण्याची निकड नव्हती. लहान बँडच्या श्रोत्यांस ती होती. तीन वर्षें ज्यांनीं हातोहात कॅसेटी फिरविल्या त्यांना एक मत देण्याचे कष्ट ते किती वाटणार? त्याच वर्षीं एप्रिलमध्यें बँडनें इंग्लंडच्या किनाऱ्यावरील कँबर सँड्स येथें सुट्टीच्या छावणींत 'बोली वीकेंडर' नांवाचा मेळा भरविला. टपालानें ओळख झालेलीं माणसें तेथें प्रथमच एकमेकांचीं तोंडें पाहात होतीं. एकवचनी श्रोत्यांचें अनेकवचन झालें तें असें.

आणि जुलै महिन्यांत 'जीपस्टर'नें 'टायगरमिल्क' पुन्हां प्रसिद्ध केलें. आतां तें कोणत्याहि दुकानांत मिळूं लागलें आणि ब्रिटनच्या विक्रीच्या यादींत पहिल्या वीसांत जाऊन बसलें. न्यायानें पाहतां सर्वांनीं आनंद मानावयास पाहिजे होता. पण दोन प्रकारचा असंतोष उघडच संभवत होता. ज्यांच्यापाशीं जुनी प्रत किंवा झिजलेली कॅसेट होती त्यांना आपलें कांहीं हिरावलें गेलें असें वाटणें स्वाभाविक होतें. आणि जे तीन वर्षें दंतकथाच ऐकत आले होते त्यांना 'एवढ्यासाठींच का हा गाजावाजा?' असें वाटणेंहि तितकेंच स्वाभाविक होतें. दंतकथेशीं स्पर्धा करून कोणतीहि तबकडी जिंकूं शकत नाहीं. तिच्यांतले गायक कच्चे आहेत, मुद्रण घाईचें आहे, हें ऐकूं येतेंच. दोघांचेंहि ऐकणें खोटें नव्हतें. पहिल्यानें तीं गाणीं मित्राच्या हातून घेतलीं होतीं, दुसऱ्यानें कीर्तीच्या हातून. देणारा बदलला कीं देणगी बदलते.

उपहासाचा काळहि याच सुमारास आला. २००० सालच्या 'हाय फिडेलिटी' या चित्रपटांत तबकड्यांच्या दुकानांतला एक उद्धट नोकर याच बँडचें एक गाणें तुच्छतेनें बंद करतो आणि नाचरें, चढ्या आवाजाचें गाणें लावतो. प्रेक्षक हंसतात, कारण तोंवर या बँडच्या श्रोत्याची एक ठरीव प्रतिमा तयार झालेली होती: चष्मा लावणारा, लोकरी सदरा घालणारा, जरा रडवा. इंग्रजींत अशा गोडव्यास 'ट्वी' असा एक हिणवणारा शब्द आहे. नाजूकपणाचें सोंग आणणारें, वय वाढूनहि पोरकट राहिलेलें, असा त्याचा भाव. हा दोष कांहीं गाण्यांवर लागूं पडतो हें मान्य केलें पाहिजे. परंतु 'टायगरमिल्क'च्या उत्तम गाण्यांत बाळपणाचे गोडवे नाहींत. लहानपणीं सोसलेल्या अपमानाचा हिशेब आहे, आणि तो मोठ्या माणसाच्या थंड विनोदानें मांडलेला आहे. आवाज मऊ आहे म्हणून बोलणें मऊ आहे असें नव्हे. टीकाकारांनीं आवाज ऐकला. बोलणें ऐकलें नाहीं.

यानंतर आणखी एक पिढी आली, आणि तिच्या साक्षीस आम्ही विशेष महत्त्व देतों. २००७ सालीं 'जूनो' हा अमेरिकन चित्रपट निघाला. एका शाळकरी मुलीच्या त्या कथेंत 'टायगरमिल्क'मधील 'एक्स्पेक्टेशन्स' हें गाणें घेतलेलें होतें. चित्रपटाच्या गाण्यांचा संग्रह जानेवारी २००८ मध्यें अमेरिकेंतील विक्रीच्या यादींत पहिल्या क्रमांकावर गेला. हजार प्रतींतलें एक गाणें अकरा वर्षांनीं लाखों घरांत शिरलें. ज्यांनीं तें तेथें ऐकलें त्यांतील बहुतेकांस स्टो कॉलेज, कॅसेटी, पौंडांची किंमत यांची गंधवार्ताहि नसेल. गाण्याच्या अंगावर दंतकथेचा एकहि दागिना उरला नव्हता. तरीहि त्या गाण्यावरून मागें जाऊन कित्येकांनीं मूळ आल्बम शोधला आणि शाळेंतील ती छळलेली मुलगी त्यांना आपली वाटली. दुर्मिळतेच्या आक्षेपास याहून सरळ उत्तर आम्हांस सुचत नाहीं.

येथें एका प्रसिद्ध उक्तीचा परामर्श घेणें जरूर आहे. 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या बँडचा पहिला आल्बम आरंभीं फार थोड्यांनीं विकत घेतला, पण ज्यांनीं घेतला त्यांतील प्रत्येकानें स्वतःचा बँड काढला, अशा अर्थाचें विधान संगीतकार ब्रायन ईनो यांनीं १९८२ सालीं केलें, आणि तें तेव्हांपासून सर्वतोमुखीं झालें आहे. विधान मार्मिक आहे. पण तें नियम म्हणून घेतलें तर फसवें आहे. थोड्या श्रोत्यांच्या ज्या तबकड्यांतून पुढें कांहींच निघालें नाहीं त्यांची नोंद कोण ठेवतो? यशस्वी झालेल्या लहानग्याचा इतिहास वाचून लहानपणासच यशाचें कारण मानणें हा तर्कदोष होय. 'इलेक्ट्रिक हनी'नें 'टायगरमिल्क'च्या आधीं व नंतरहि तबकड्या काढल्या. पुढें 'स्नो पेट्रोल' व 'बिफी क्लायरो' या नांवांनीं गाजलेल्या बँडांच्याहि आरंभींच्या तबकड्या तेथूनच निघाल्या, हें त्या वर्गास भूषणावह आहे. परंतु त्या यादींतील सर्वांनाच अशी कीर्ति लाभली नाहीं. सगळ्यांच्या प्रती थोड्या होत्या. सगळ्यांच्या गाण्यांत तें एकवचनी संबोधन नव्हतें.

मग कोणत्या श्रोत्याचा अभिप्राय खरा मानावा? ज्यानें समारंभांत तबकडी फेंकली त्याचा, ज्यानें कॅसेट जपली त्याचा, ज्याची पुनर्मुद्रणानें निराशा झाली त्याचा, कीं ज्यानें चित्रपटांत ऐकून मागें वळून शोध घेतला त्याचा? भवभूतीनें समकालीनांच्या उपेक्षेवर उतारा म्हणून पुढें कधींतरी जन्मणाऱ्या समानधर्म्यावर भरंवसा ठेवला. तो भरंवसा थोर असला तरी त्यांत समकालीनांवर थोडा अन्याय आहे. कारण समानधर्मी पुढें जन्मावयाचा तर त्याच्या हातीं कृति पोंचली पाहिजे, आणि ती पोंचविणारे हात समकालीनांचेच असतात. 'टायगरमिल्क'च्या बाबतींत कॅसेटी नकलून देणारे ते अनामिक लोक असेच मधले हात होते. त्यांनीं नीट ऐकलें म्हणून पुढच्यांस ऐकावयास मिळालें. आमचा निर्णय असा, कीं पहिल्या श्रोत्याचें काम न्याय देण्याचें नाहीं, पुढें देण्याचें आहे; न्याय शेवटचा श्रोता देतो, आणि तोहि पुढच्या शेवटच्या श्रोत्यापर्यंतच.

स्टो कॉलेज २०१३ सालीं इतर दोन कॉलेजांत मिसळून 'ग्लासगो केल्विन कॉलेज' झालें. ॲलन रँकीन २०२३ सालीं वारले. स्टुअर्ट डेव्हिड व इझोबेल कँपबेल यांनीं बँड सोडला त्यास पुष्कळ वर्षें होऊन गेलीं. आणि 'टायगरमिल्क' आज कोणासहि, कोठेंहि, एका बोटाच्या स्पर्शासरशीं ऐकतां येतें. त्याबरोबर जगांतील दुसरीं असंख्य गाणींहि त्याच स्पर्शानें ऐकतां येतात. हजार प्रतींच्या काळीं गाणें दुर्मिळ होतें व लक्ष विपुल होतें. आज गाणें विपुल आहे व लक्ष दुर्मिळ झालें आहे. ही तक्रार नव्हे. ग्लासगोच्या एका मुलास जें शेंकडों पौंड मोजूनहि मिळालें नसतें तें आज खेड्यांतल्या मुलास विनामूल्य मिळतें, यांत वाईट मानण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र पूर्वीं जें काम दुर्मिळता आपण होऊन करीत असे तें आतां श्रोत्यानें स्वतः करावयाचें आहे: एक आल्बम निवडावा, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा, न आवडलेलें गाणेंहि एकदां पुन्हां ऐकावें, आणि आवडलेलें कोणा एकाला आपल्या हातानें द्यावें. गाणीं करणारे पुढेंहि निघतील. अशा ऐकणाऱ्यांची वाण पडूं नये, एवढीच आमची इच्छा आहे.